नाल्यापलीकडचा भोंगा

मी जात्याच घाबरट. गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून स्कूटी वळवणारी, आणि तो बंदच होता हे डोळ्यांनी पाहूनही समाधान न होणारी. शाळेतल्या सहकारी बाया म्हणतात, मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण तुम्हाला पाहूनच कुणीतरी केली असणार. केली असेल. पण आमच्या गावात राहून निर्धास्त झोपणारा माणूस मला अजून कुणी दाखवलेला नाही.

गाव सावली तालुक्यातलं. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि जंगलात वाघ. कोणत्या वाघिणीला पिल्लं झाली, ती कोणत्या वाटेनं पाण्यावर येते, हे आमच्याकडे चहा पिता पिता बोललं जातं, एखाद्याच्या सुनेला दिवस गेल्याचं बोलावं तसं. बोलणं सहज असतं, पण बोलताना सगळ्यांची नजर एकदा तरी जंगलाकडे जाऊन येते.

काही वर्षांपूर्वी जंगलाच्या कडेला खांब उभे राहिले आणि खांबांवर कॅमेरे आले. समोरून वाघ गेला की कॅमेरा त्याला ओळखतो, एका कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, आणि सर्व्हर गावातल्या भोंग्याच्या पेटीला निरोप धाडतो. पेटीत सिमकार्ड असतं, आपल्या फोनमध्ये असतं तसंच. त्या सिमवर निरोप आला की भोंगा वाजतो. आमची पेटी बुद्धविहाराच्या छतावर बसवली, कारण गावातली सगळ्यात उंच जागा ती, आणि नेटवर्कही तिथेच धड मिळतं. नाल्यापलीकडच्या गावाची पेटी त्यांच्या ग्रामपंचायतीवर. त्यांचे कॅमेरे त्यांच्या जंगलाकडे तोंड करून, आमचे आमच्याकडे. मधे एक नाला आणि थोडी शेतं एवढंच अंतर असल्यामुळे वारा पडलेला असला की त्यांचा भोंगा आमच्या अंगणात ऐकू येतो आणि आमचा त्यांच्या.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. मी गावच्याच शाळेत शिकवते. आई सत्तरीला टेकली आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, आणि तरीही चैत्र लागला की पहाटे मोहफुलं वेचायला जाते. कुणाची झाडं कुणी वेचायची हे गावात पिढ्यांपासून ठरलेलं आहे. आमच्या वाटणीची झाडं सगळ्यात आत, बांबूच्या बेटांना लागून. फुलं पहाटे गळतात. उशीर केला तर हरणं आणि डुकरं साफ करून जातात. माझ्या पगारात आमचं दोघींचं नीट भागतं, तू जाऊ नकोस, असं मी दरवर्षी सांगते. फुलं गळून राह्यली आणि घरात बसून राहावं, हे तिला पाप वाटतं.

भोंगा येण्याआधी बायका टोळीनं जायच्या. एका झाडाखाली सगळ्या मिळून वेचायच्या आणि त्यांतली एक उभी राहायची. तिनं वाकायचं नाही. तिचं काम फक्त ऐकायचं: वानर खाकरलं का, चितळ ओरडलं का. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, उभं माणूस वाटत नाही, हे आमच्याकडे पोराला चालायला शिकवतानाच शिकवतात. लहानपणी मीसुद्धा टोळीसोबत जायची, आणि उभी राहणारी बहुतेक वेळा आईच असायची. तिचे कान तेव्हा अख्ख्या गावात नावाजलेले होते.

भोंगा आला आणि पहिल्याच वर्षी त्यानं नाव काढलं. दोनदा वाजला, दोन्ही वेळा आमच्याच बाजूला वाघाचे पंजे मातीत उमटलेले मिळाले. मला तरी त्याचा भरवसा वाटेना. नेटवर्कच्या भरवशावर मी साधा फोन लावत नाही, जीव कुठून पणाला लावणार? आई मात्र त्याच्या प्रेमातच पडली. वाजला की बसायचं, नाही वाजला की जायचं, इतका सोपा नियम तिला आयुष्यात कुणी दिला नव्हता. बाकी बायकांचंही तेच. उभी राहणारी बाई हळूहळू खाली बसून वेचू लागली, कारण उभं राहून टोपली भरत नाही. मग टोळीही सुटली. जी ती आपापल्या झाडाखाली.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस येतात आणि मंडई म्हटलं की नाटक. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मंडप पडतो, आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, लेकी माहेरी येतात, आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्या वर्षी नाटक आमच्या गावात होतं आणि नाल्यापलीकडचं गाव झाडून पाहायला येणार होतं. काळजी एकच होती. ऐन रंगात भोंगा वाजला तर? आमचा वाजो की त्यांचा, आवाज मंडपापर्यंत येणारच, आणि एवढी माणसं एकदम उठली तर वाघापेक्षा चेंगराचेंगरीनंच लोक मरायचे.

वाघ आला की गर्दी आवरायला गावागावांत तरुणांची दलं आहेत. आमच्या दलाचे प्रमुख वयानं तरुण राहिलेले नाहीत, पण दुसरं कुणी पुढे येत नाही म्हणून तेच आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. दोन्ही गावांच्या पेट्या तेच पाहतात. भाऊंनी तोड काढली. पेटी बंद केली तर कंपनीच्या लोकांना लगेच कळतं आणि काऊन बंद केली म्हणून फोन येतो. पण पेटीतलं सिम काढलं तर त्यांना एवढंच दिसतं की नेटवर्क नाही. आणि आमच्या भागात नेटवर्क नाही म्हटल्यावर काऊन असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

तसं दोन्ही पेट्यांच्या तळाची रबरी झाकणं उघडून भाऊंनी दोन्ही सिमं काढली, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्नीत गुंडाळून खिशात ठेवली, आणि नाटक निर्विघ्न पार पडलं. नायिकेच्या मरणाला बायका पोटभर रडल्या. दुसऱ्या दिवशी भाऊंनी सिमं परत बसवली. हे सगळ्या गावाला माहीत होतं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. रात्रभर दोन गावांना राखण नव्हती म्हणून मी तेवढी कुरकुरले, आणि माझ्या कुरकुरीकडे नेहमीप्रमाणे कुणी लक्ष दिलं नाही.

हिवाळा सरता सरता भोंग्याचं काहीतरी बिनसलं. वाजायचा, आणि आमच्या बाजूला काहीच मिळायचं नाही. पंजा नाही, काही नाही. उलट एकदा रात्रभर गप्प राहिला आणि सकाळी तलावाच्या पाळीवर वाघाचे ताजे पंजे. गावात याची कारणं पुष्कळ निघाली. कुणी म्हणे कॅमेऱ्याला बैल वाघासारखा दिसतो, कुणी म्हणे बॅटरी उतरली. आईचं म्हणणं, यंत्र आहे, एखाद्या वेळी चुकतं, माणूस चुकत नाही का? मला मात्र ते पटेना. वर्गात फळ्यावर लिहिताना भोंगा वाजला की खडू हातात तसाच राहायचा. आणि न वाजता दिवस गेला की अधिकच भीती वाटायची.

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. मुलगी गोड बोलणारी होती. तिनं पेटीवरच्या स्टिकरवरचा पंधरा आकडी नंबर विचारला, तो मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला होता. तपासून म्हणाली, पेटी तुमच्याच गावाची आहे आणि व्यवस्थित चालू आहे. तक्रार बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तक्रार बंद. तिसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात बोलले तेव्हा ती म्हणाली, मॅडम, मग आता पेटीचा नंबर नको, आतल्या सिमवरचा नंबर सांगा.

सिमवर मोबाइल नंबर कुठे छापलेला असतो, असं मी विचारलं. नसतोच, असं तिनं सांगितलं, आणि मग शांतपणे सगळं समजावलं. इथे नंबर तीन. एक पेटीचा, स्टिकरवरचा. दुसरा निरोप पाठवायचा नंबर. यंत्रांच्या सिमचा तो आपल्यासारखा दहा आकडी नसतो, तेरा आकडी असतो, आणि तो कार्डावर लिहिलेला नसतो. तिसरा त्या कार्डाचा स्वतःचा, एकोणीस-वीस आकडी, कार्डावरच बारीक अक्षरात छापलेला. सुरुवातीचे ८९ म्हणजे हे फोनच्या कामाचं कार्ड, पुढचे ९१ म्हणजे आपला देश, मग सिम देणाऱ्या कंपनीची खूण, मग त्या एकाच कार्डाचा क्रमांक. सिम हरवलं तर नव्या कार्डावर आपला जुना मोबाइल नंबर घेता येतो, पण कार्डाचा हा नंबर दुसऱ्या कार्डाला कधीच जात नाही. मी मास्तरीण, मला ते लगेच पटलं. पोराचा हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातला क्रमांक जन्मभर तोच राहतो.

आणि शेवटचा आकडा राखणदार, असं ती म्हणाली. आधीच्या सगळ्या आकड्यांचा हिशेब करून तो काढलेला असतो. मधला एखादा आकडा चुकीचा सांगितला तर हिशेब जुळत नाही आणि संगणक तो नंबर घेतच नाही. म्हणून घाबरू नका, चुकलात तर आम्हाला कळेल.

विहाराच्या छतावर जायला लोखंडी शिडी आहे आणि उंचीचं मला भय आहे. शिवाय झाकण उघडायचं तर भाऊ हवेत, आणि भाऊ त्या दिवसांत लग्नांच्या मागे होते. असं करत करत एक रविवार मिळाला. चैत्र होता, मोह भरात होता. आई नेहमीप्रमाणे तांबडं फुटता फुटता टोपली घेऊन निघाली. जाताना तिनं एकदा विहाराकडे कान दिला. भोंगा गप्प होता. गेली.

थोड्या वेळानं मी चहा मांडला आणि नाल्यापलीकडून भोंगा ऐकू आला. अगदी स्पष्ट. माझा हात थबकला, आणि मग तो त्यांचा आहे हे ध्यानात आल्यावर मी चक्क सुस्कारा सोडला. वाघ त्यांच्याकडे आहे म्हणजे आमच्याकडे नाही. त्यांच्या बायका आता घरीच बसतील, म्हणजे त्यांचीही चिंता नाही. मी चहात साखर घातली. माझ्या आयुष्यात निश्चिंत चहा मी फार कमी वेळा प्यायले आहे, त्या दिवशी प्यायले.

ऊन वर आल्यावर भाऊ आले. त्यांनी शिडी धरली, मी डोळे मिटून चढले, मागोमाग तेही वर आले. त्यांनी झाकण उघडून सिम बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मी फोन लावला आणि वाचायला लागले. कार्डावर खर्ऱ्याचा तांबूस डाग होता. मधला एक आकडा तीन की आठ हे कळेना. मी आठ म्हटलं. मुलगी म्हणाली, नंबर जुळत नाही, पुन्हा सांगा. पदरानं पुसून मी तीन म्हटलं. यावेळी नंबर लागला.

मग तिनं विचारलं, मॅडम, तुम्ही नक्की तुमच्याच गावात आहात ना? हे सिम नाल्यापलीकडच्या गावाच्या भोंग्याचं आहे. तिकडचे सगळे निरोप याच सिमवर जातात. तुमच्या गावाचे निरोप ज्या सिमवर जातात, ते हे नाही.

मी तिला म्हटलं, माझं वाचायचं चुकलं असेल, कार्ड डागाळलेलं आहे, थांबा, पुन्हा वाचते. खरंच मला तसंच हवं होतं. एक आकडा चुकलेला असावा, तीनचे पाच व्हावेत, काहीही व्हावं. ती हळू आवाजात म्हणाली, मॅडम, चुकलं असतं तर नंबर लागलाच नसता.

भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी खिशात हात घातला, रिकामाच बाहेर काढला.

"सिम त सिमच असते ना, मॅडम," ते म्हणाले. "दोन्ही सारखीच दिसत होती."

मला सकाळचा भोंगा पुन्हा ऐकू येत होता. नाल्यापलीकडे वाजलेला. त्यांच्या छतावर आमचं सिम होतं. तो आमच्यासाठी वाजला होता. वाघ आमच्या बाजूला होता, आणि त्यांच्या बायका घरात बसल्या होत्या, आणि माझी आई बांबूच्या बेटापाशी होती, आणि मी चहात साखर घालत होते.

शिडी कशी उतरले ते मला आठवत नाही. भाऊंनी आरोळी दिली, दलातली पाच-सात माणसं काठ्या आणि तेलाचे रिकामे पिपे घेऊन निघाली. मी पुढे पळत होते आणि ते मला मागे ओढत होते, बाईमाणसानं पुढे जाऊ नये म्हणून. मी त्या दिवशी कुणाचं ऐकण्याच्या स्थितीत नव्हते. वाटेत परतणाऱ्या बायका भेटल्या, डोक्यावर भरलेल्या टोपल्या, आपसांत हसत येत होत्या. आई त्यांच्यात नव्हती. ती अजून आतच आहे, त्यांनी सांगितलं, तिची झाडं लांब. मागे पिपे बडवायला सुरुवात झाली. मला त्या आवाजाचाही राग आला, कारण त्यात मला दुसरं काही ऐकू येईना. मी आईला हाका मारत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू जात नव्हता.

शेवटच्या झाडाखाली ती बसलेली दिसली. पाठ वाकलेली, पदर कमरेला खोचलेला, हात चालू. पिप्यांच्या आवाजानं तिनं मान वर केली आणि कपाळाला आठी घातली. मी तिच्या शेजारी फुलांतच बसले. भाऊ आणि बाकीचे आमच्याभोवती गोल करून, जंगलाकडे तोंड करून उभे राहिले. पिपे वाजतच होते.

मी तिचा दंड धरला. चल म्हटलं. ती म्हणाली, एवढा पट्टा राह्यला आहे, तो होऊ दे. मग मी तिला सगळं सांगितलं, धापा टाकत, तुटक तुटक. नाटकाच्या रात्री काढलेली सिमं उलटसुलट बसली. आपला भोंगा तिकडे वाजतो, तिकडचा आपल्याकडे. आज सकाळी पलीकडे वाजला तो आपला होता.

तिचे हात थांबले. मुठीत फुलं तशीच होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, बांबूच्या बेटाकडे पाहत होती. बेट अगदी जवळ होतं. मी उभी राहून खडा फेकला असता तर आत पडला असता.

"तिथी बसून होता," ती म्हणाली.

मी विचारलं, कोण?

"मी त्याले पाह्यलं, त्यानं बी मले पाह्यलं. मी उठून उभी होत होती. मंग म्हटलं, आपला भोंगा त वाजला नाई. मोतीबिंदू हाये, मले ऊन-सावली दिसून राह्यली असन. म्हनून मंग खाली वाकली आन् येचाले लागली."

जिच्या कानांवर भरवसा ठेवून अर्धं गाव लहानाचं मोठं झालं, ती वाघाच्या पुढ्यात वाकून फुलं वेचत बसली होती, आपलेच डोळे खोटे समजून. मला तिच्यावर ओरडायचं होतं, तिला मिठी मारायची होती, भाऊंच्या हातातला पिपा हिसकून कुणाच्या तरी डोक्यात घालायचा होता. यातलं काहीच झालं नाही. मी नुसती तिचा दंड धरून बसले.

तिनं दुसऱ्या हातानं माझा हात दाबून धरला. मग माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, पोरानं मास्तरणीला विचारावं तसं, हळूच विचारलं,

"मंग तो खराच होता का व?"